काळ्या मातीवर आर्टिफिशियल लॉन टाकताय?

लॉनचा रंग न् उंची नंतर ठरवा, आधी खालची माती बघा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट लॉन अंथरलं की पावसाळ्यात पाणी साचतं, कुबट वास येतो आणि वर उंचसखलपणा दिसायला लागतो. निदान ६ इंच माती काढाच. माती ओली असताना धुम्मस (माती ठोकून दाबायचं अवजार) मारू नका. मग जिओटेक्स्टाइल कापड (पाणी झिरपू देणारं, पण माती नि खडी मिसळू न देणारं), त्यावर खडी, वर कच (दगडाचा बारीक चुरा). प्रत्येक थर वेगळा दाबून घ्या. कापडाचे पैसे वाचवायचा मोह होतो, पण ते नसेल तर खडी हळूहळू चिखलात रुतते. उतार घरापासून लांब, मीटरमागे १ सेंटीमीटर तरी हवा. कडेला पाणी काढून न्यायला छिद्रांचा पाइप टाकलात तर फारच उत्तम. आणि मे महिन्यात दुपारी मुलांना लॉनवर अनवाणी सोडू नका, पाय भाजतात.