गोव्यातल्या सत्तरीच्या रानात जुनी गाडी सापडली म्हणतोस, तर आधी हे कर

आधी काठीने आपट. पत्र्याखाली फुरसं बसलेलं असतं, आणि ते गाडीच्या मॉडेलपेक्षा लवकर ओळखावं लागतं.

तू फोटोत फक्त गंजलेलं बॉनेट पाठवलंस. त्यावरून काही कळत नाही. बॉनेट, बंपर बदललेले असतात. न बदलणाऱ्या गोष्टी बघ: काचांची चौकट, दारांचे बिजागर, इंजिन कुठल्या टोकाला. इंजिन मागे आणि रेडिएटरची जागाच नाही, तर बीटल, म्हणजे फोक्सवॅगनची जुनी जर्मन गाडी, असण्याची शक्यता मोठी. मग मागची काच बघ. मधे दांडी असलेली दुभंगलेली असेल तर 1953 च्या आधीची, अंडाकृती असेल तर 1953 ते 57, चौकोनी मोठी असेल तर त्यानंतरची. चॅसी नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर कोरलेला असतो. तारेच्या ब्रशने हलकेच घास, ग्राइंडर लावू नकोस, आकडेच जातील.

अँबॅसेडरसारखी दिसली म्हणून सोडून देऊ नकोस. ती मॉरिस ऑक्सफर्डवरून बनलेली, तेव्हा मूळ विलायती गाडीही निघू शकते. दिव्यांच्या काचेवर लुकास (इंग्रजी कंपनी) की बॉश (जर्मन), तेही वाच.

स्टिअरिंग उजवीकडे आहे म्हणून ‘1961 नंतरची’, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतरची, असं ठरवू नकोस. पोर्तुगीज काळातही गोव्यात वाहनं डावीकडूनच धावायची.

आणि हो, नंबरप्लेट काढून घरी आणायची नाही. रान कुणाचं, गाडी कुणाची, ते आधी पंचायतीत विचार.