गरोदरपणात व्हिटॅमिन ए: गाजर बंद करू नका, कॅप्सूल मनाने घेऊ नका

ताई, तुम्हाला सातवा आठवडा चालू आहे आणि एकजण म्हणतेय बाळाच्या मेंदूसाठी व्हिटॅमिन एच्या कॅप्सूल घे, दुसरी म्हणतेय गाजरसुद्धा बंद कर. दोघींचंही ऐकू नका.

मेंदू घडायला व्हिटॅमिन ए लागतं हे खरंच आहे. शरीर त्याचं रेटिनॉइक ॲसिड बनवतं आणि ते पेशींच्या केंद्रकात जाऊन जीन्स चालू-बंद करतं. गर्भात ते सगळीकडे सारखं नसतं, मानेखालच्या भागात मणक्याच्या बाजूच्या पेशी ते तयार करतात आणि डोक्याकडच्या पेशी एन्झाइम वापरून ते मोडून टाकतात, म्हणजे कुठे जास्त कुठे कमी, आणि त्यावरूनच पेशीला कळतं की आपण मागच्या मेंदूच्या कुठल्या भागात आहोत, पुढे काय व्हायचंय. मला हे आजही थक्क करतं. पण म्हणूनच कमी पडलं तरी घोळ आणि जास्त झालं तरी घोळ, कारण बाहेरून भरमसाठ आलं की पुढच्या पेशींना वाटतं आपण मागच्या आहोत.

कमतरतेचं उदाहरण जुनं आहे. टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी डुकरिणीला व्हिटॅमिन एशिवाय आहार दिला, तिची अकराही पिल्लं अख्ख्या नेत्रगोलांशिवाय जन्मली, ते त्यांनी 1933 मध्ये छापलं. डोळ्याचा पडदा मेंदूचाच फुटवा असतो ना. जास्तीचं उदाहरण आपल्या जवळचं, पिंपल्सवरची आयसोट्रेटिनॉइन, जी व्हिटॅमिन एच्याच जातीचं औषध आहे. 1982 मध्ये अमेरिकेत आली आणि लवकरच कान, हृदय, मेंदूचे दोष असलेली बाळं दिसू लागली. ही गोळी चालू असेल किंवा नुकती बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, प्लीज.

गाजर, पपया, पालक यातलं बीटा कॅरोटिन शरीर गरजेपुरतंच व्हिटॅमिन एमध्ये बदलतं, त्याची ही भीती नाही. सांभाळायचं ते रेटिनॉल, म्हणजे तयार व्हिटॅमिन ए, जे असतं कलेजी, कॉड लिव्हर ऑइल आणि मोठ्या डोसच्या कॅप्सूलमध्ये. कमतरता असलेल्या भागातल्या गरोदर बायकांसाठीसुद्धा डब्ल्यूएचओची मर्यादा दिवसाला 10,000 युनिट (लेबलवर IU) आहे. रातांधळेपणा, म्हणजे कमतरतेचं लक्षण, वाटत असेल तर वेगळी गोष्ट, तेव्हा डॉक्टर ठरवतील तो डोस घ्या. आत्ता घेताय त्या मल्टीव्हिटॅमिनच्या लेबलवर रेटिनिल पाल्मिटेट किंवा ॲसिटेट (हीसुद्धा तयार व्हिटॅमिन एचीच रूपं) किती लिहिलंय ते बघा, आणि पुढच्या व्हिजिटला ती बाटलीच सोबत न्या.