यीस्टविना दालचिनीचे रोल : मळण्याचा मोह आवरावा

प्रश्न : माझ्या मुलीला बेकरीतले दालचिनीचे रोल फार आवडतात. घरात यीस्ट नव्हते, म्हणून अडीचशे ग्रॅम मैद्यात दोन चमचे खायचा सोडा, साखर आणि लोणी घातले, दुधात पीठ भिजवून पंधरा मिनिटे चांगले मळले आणि गुळाचे सारण भरून रोल ओव्हनमध्ये भाजले. ते दगडासारखे कडक झाले, आतून पिवळट निघाले, साबणासारखे कडवट लागले आणि गूळ भांड्याच्या तळाशी करपून बसला. यीस्टशिवाय हे रोल मुळात जमतात का? त्यात थोडे ज्वारीचे पीठ चालेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : जमतात, आणि तासाभरात ताटात येतात. मात्र यीस्टच्या रोलमधून यीस्ट वगळले की हा पदार्थ होतो, असे समजू नये. यीस्टचे पीठ पावाच्या जातीचे असते, तर हे पीठ नानकटाई किंवा खुसखुशीत शंकरपाळ्यांच्या जवळचे असते आणि त्याला तसेच वागवावे लागते.

आधी कडवटपणाविषयी. खायच्या सोड्याला फुलण्यासाठी आंबट पदार्थाची जोड लागते. दुधात ती पुरेशी नसते, त्यामुळे सोडा उरतो आणि ओव्हनच्या उष्णतेने त्याचे धुण्याच्या सोड्यात रूपांतर होते. साबणाची चव आणि पिवळा रंग तिथून आला. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आम्ल दोन्ही आधीच मिसळलेले असतात, म्हणून मुख्य भार तिच्यावर टाकावा. अडीचशे ग्रॅम मैद्याला अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, दोन मोठे चमचे साखर आणि साठ ग्रॅम थंड लोणी घ्यावे. भिजवण्यासाठी सुमारे दीडशे मिलिलिटर आंबटसर ताक घेतले, तर सोडा पाव चमचा पुरतो.

आपले रोल कडक होण्याचे खरे कारण मात्र त्या पंधरा मिनिटांच्या मळण्यात आहे. आपल्या सोलापूरकडच्या बायकांचा हात ज्वारीच्या भाकरीवर तयार झालेला असतो. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणारे चिवट प्रथिन, नसते, म्हणून ते गरम पाण्यात भिजवून तळव्याच्या टाचेने रगडून रगडून मळावे लागते, नाहीतर भाकरी थापताना चिरते. मैद्याचे नेमके उलटे आहे; त्याला जितके मळावे तितके ग्लुटेन चिवट होते. यीस्टच्या पिठाला तो चिवटपणा हवा असतो, कारण तासन्‌तास हळूहळू तयार होणारा वायू त्याला धरून ठेवायचा असतो. बेकिंग पावडरचा वायू काही मिनिटांत निघतो आणि चिवट पीठ त्याला वर येऊ देत नाही. म्हणून लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळून रवाळ करावे, ताक एकदम ओतून चमच्याने कालवावे आणि गोळा जेमतेम एकत्र येताच थांबावे. गोळा खडबडीत आणि किंचित चिकट दिसला की हाताला तो अर्धवट वाटतो आणि आणखी दोन हात फिरवावेसे वाटतात. तो मोह तेवढा आवरावा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात लोणी हातातच वितळते. एप्रिल-मेमध्ये मैदा, ताक आणि पोळपाटसुद्धा आधी फ्रिजमध्ये ठेवावा. पीठ भिजवल्यानंतर मात्र रेंगाळू नये, कारण बेकिंग पावडरचे काम ओल लागताच सुरू होते.

सारणासाठी साठ ग्रॅम किसलेला कोरडा गूळ, दोन चहाचे चमचे दालचिनी आणि एक चमचा मैदा एकत्र करावा. हा मैदा वितळलेला गूळ धरून ठेवतो. पीठ अर्ध्या सेंटिमीटर जाडीचे चौकोनी लाटून त्यावर मऊ लोणी फासावे, सारण पसरावे आणि पलीकडची कड बोटभर मोकळी सोडून गुंडाळावे. सुरीने गुंडाळी दबते. त्याऐवजी जाड सुती धागा तिच्याखाली सरकवून दोन्ही टोके वर एकमेकांवरून ओढावीत; आठ वळ्या न चेपता सुटतात. त्या भांड्यात एकमेकींना चिकटूनच ठेवाव्यात, म्हणजे त्या आडव्या न पसरता वर फुगतात. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला अठरा ते वीस मिनिटे पुरतात.

दालचिनी साल आणून घरी कुटावी आणि वस्त्रगाळ करावी. तयार पुडीचा वास लवकर उडतो. बाजारात बहुधा मिळते ती जाड, कडक साल कॅशियाची, म्हणजे दालचिनीच्या जातभाई झाडाची, असते. श्रीलंकेची दालचिनी पातळ, अनेक पदरी आणि बोटांनी चुरता येण्याजोगी असते. कॅशिया झणझणीत असल्याने या रोलसाठी मला तीच आवडते. मात्र तिच्यात कुमारीन हे नैसर्गिक सुगंधी द्रव्य अधिक असते आणि ते जास्त प्रमाणात यकृताला अपायकारक ठरू शकते, म्हणून रोज चमचाभर खाण्यासाठी ती वापरू नये. दालचिनीने यीस्टची वाढ मंदावते, त्यामुळे यीस्टच्या पिठात ती बेताने घालतात. इथे ती अडचण नाही, तेव्हा अर्धा चमचा पिठातही जरूर घालावी.

ज्वारीचे पीठ एक चतुर्थांशापर्यंत चालते. त्याहून अधिक घातल्यास पीठ गुंडाळताना तुटते. मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीचे ताजे दळलेले पीठ असेल, तर त्याची गोडसर चव गुळाशी फार छान जुळते.

प्रश्न : ओव्हन नसेल तर कुकरमध्ये रोल होतील का?
– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : कुकर कोरडा तापवण्यापेक्षा जाड बुडाची लोखंडी कढई आणि घट्ट झाकण घ्यावे. तळाशी बोटभर मीठ पसरून त्यावर कडे ठेवावे, दहा मिनिटे तापवावे आणि मग रोलचे भांडे आत ठेवून मंद ते मध्यम आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. आच केवळ खालून लागत असल्याने वरची बाजू पांढरी राहते. म्हणून शेवटच्या आठ मिनिटांत झाकणाऐवजी वेगळ्या शेगडीवर कडक तापवलेला लोखंडी तवा कढईवर पालथा ठेवावा. नानकटाईवाले झाकणावर निखारे ठेवतात, त्यातलाच हा प्रकार आहे. रोल त्याच दिवशी संपवावेत. उरलेच, तर दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून झाकणाखाली तव्यावर गरम करावेत.