गाडीचा डॉक्टर: फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकला, चालेल का?

प्रश्न : दादा, मागच्या महिन्यात साताऱ्याहून कोल्हापूरला जाताना टायरमध्ये हवा कमी वाटली म्हणून लायटर सॉकेटला पंप लावला. सॉकेटमध्ये एकाचे तीन करणारा जोड आहे, त्यात मोबाईल चार्जर आणि डॅशकॅमपण चालू होते. दोन मिनिटांत सगळं बंद. गॅरेजवाल्याने १५ अँपिअरचा फ्यूज बदलला, तो पण उडाला, मग म्हणाला ३० चा टाकतो, परत तक्रार येणार नाही. आता चालतंय सगळं, पण मनात धाकधूक आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : धाकधूक बरोबर आहे तुमची, तो ३० चा आजच काढा. फ्यूज पंपाला वाचवायला नसतो हो, डॅशबोर्डमागच्या वायरीला वाचवायला असतो. वायर १५ च्या हिशोबाची आहे, तिच्यातून २५ अँपिअर गेले तर फ्यूज मजेत बसून राहणार आणि वायरीचं प्लास्टिक वितळणार. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात आकडा असतो तोच टाकायचा. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०, म्हणजे तुमच्याकडे हिरवा बसवलाय.

आता फ्यूज उडतो कशामुळे? पंपावर वॅट लिहिलेले असतात ते बघा. समजा १५० असतील तर १२ व्होल्टला साडेबारा अँपिअर झाले, त्यात चार्जर आणि डॅशकॅम, आणि मोटर सुरू होताना क्षणभर जास्तच ओढते, मग १५ चा बिचारा किती टिकणार. पंप एकटाच लावून बघा. थोडा वेळ चालून उडाला तर लोड जास्त किंवा पंपाची मोटर जाम होतेय. काहीच न लावता, नुसती चावी फिरवल्यावर उडाला तर शॉर्ट आहे. अशा वेळी आधी फ्यूज काढा (काही गाड्यांत चावी बंद असली तरी सॉकेटमध्ये करंट असतो) आणि टॉर्च मारून सॉकेटच्या आत बघा. माझ्याच गाडीत दोन तास वायरी उलथ्यापालथ्या केल्यावर आत चॉकलेटची चांदी निघाली, भाच्याची कर्तबगारी! सॉकेट साफ असूनही उडतोय तर मात्र चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच जा.

रस्त्यावर हवा भरायचीच असेल तर बॅटरीला थेट चिमटे लावायचा पंप घ्या, वायरीत स्वतःचा फ्यूज असलेला.

प्रश्न : सॉकेटमध्ये मोबाईल चार्जर नीट चालतो पण पंप लावला की मेलेला. पंप गेला का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : लगेच भंगारात टाकू नका. गाडीचा फ्यूज ठीक आहे, पण पंपाच्या पिनेतच एक छोटा काचेचा फ्यूज असू शकतो. टोकाची टोपी फिरवून उघडा, पण हळू, आतली स्प्रिंग उडून सीटखाली गेली की संपलं. काच आतून काळी झाली असेल तर शॉर्ट, नुसतीच तार मध्ये तुटलेली असेल तर बहुतेक लोड. तार शाबूत दिसली तरी मल्टिमीटर (तारेतून करंट जातो का ते तपासायचं मीटर) लावा, डोळ्यांवर भरवसा नको. नवा आणताना जुना बरोबर न्या, कारण लांबी वेगवेगळी असते आणि अँपिअर धातूच्या टोपीवर बारीक कोरलेले असतात. आणि हो, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून जुगाड करायचा नाही, वर तो गॅरेजवाला दिसला ना.