पुरानंतर प्रार्थना होत नाही तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरात पाणी येऊन गेल्यापासून प्रार्थना होत नाही, चर्चच्या मंडळीतले सगळे 'आशा धरा' म्हणतात आणि ते ऐकून उलट रागच येतो, असं तुम्ही लिहिलंय. मला पण येत होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आणि कृष्णा 57 च्या वर गेलेली. नागपंचमीच्या आसपास आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी मिरजेला बहिणीकडे गेलो, तिथे रोज कुटुंबप्रार्थना व्हायची आणि मी नुसताच डोळे मिटून बसायचो, आत काहीच नाही.

पाणी उतरल्यावर परत आलो तर घरात घोट्यापर्यंत काळा गाळ, आणि तो वास, ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. आमचं थोडंफार आवरलं तेव्हा शेजारच्या काकू दारात नुसत्या उभ्या दिसल्या, एकट्याच असतात, मुलगा पुण्यात. सेवा बिवा काही डोक्यात नव्हतं, फावडं हातात होतं म्हणून गेलो. गाळ ओला असतानाच काढावा लागतो, एकदा वाळला की फरशीला असा धरतो की खरवडून निघत नाही. तीन दिवस आम्ही चौघंपाचजण घमेली भरून बाहेर टाकत होतो. तिसऱ्या दिवशी कपाटाखाली त्यांचा लग्नाचा अल्बम सापडला, पानं एकमेकांना चिकटलेली. स्वच्छ पाण्याच्या बादलीत एकेक फोटो सोडवला आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. एका फोटोत काकांचा चेहरा पूर्ण धुवून गेलेला, शर्ट आणि मनगटावरचं घड्याळ तेवढं राहिलेलं. काकू म्हणाल्या, "राहू दे, घड्याळ आहे ना, मीच दिलं होतं." त्या रात्री खूप दिवसांनी माझ्या तोंडून प्रार्थना निघाली, एकच वाक्य, काकूंसाठी.

तेव्हापासून बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 5 वा अध्याय मला वेगळा वाचता येतो. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे क्रम लावतो, संकटातून धीर, धीरातून शील आणि मग शीलातून आशा. आशा शेवटी आहे हो! आपण पूरग्रस्त माणसाकडून ती पहिल्याच दिवशी मागतो. आणि बायबलमधलाच संदेष्टा एलीया झुडपाखाली 'आता मला मरण दे' म्हणत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. म्हणून आधी तुम्ही खा, झोपा, कुणी मदत दिली तर घ्या, त्यात कमीपणा नाही.

देवाने पूर का येऊ दिला हे मला आजही सांगता येत नाही, आणि जो फार पटकन सांगतो त्याचं मला पटतही नाही. पण त्या गाळात प्रभू आमच्याबरोबर होता हे मी मनापासून सांगतो.

एक गोष्ट मात्र कळकळीची. मंडळीतर्फे मदतीचं किट वाटणार असाल तर त्यात धर्माची पत्रकं घालू नका, आणि कोण कुठल्या धर्माचा हे विचारू नका. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, वाटेत पडलेल्या त्या जखमी परक्याला मदत करण्याआधी तरी कुणी काय विचारलं? काकूंना आमची श्रद्धा माहीत होती, आम्हाला त्यांची. दोन-तीन आठवड्यांनी गणपती आले तेव्हा ओल न गेलेल्या त्या घरात त्यांनी मूर्ती बसवली आणि पहिला मोदकांचा डबा आमच्याकडे आला.

तुमच्या मागच्या घरातल्या आजींच्या दारात अजून चिखल आहे असं लिहिलंय ना तुम्ही, तर झेपेल तेव्हा तिथे जा, एक तासभरच. गमबूट आणि हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, लेप्टोची, म्हणजे अशा चिखलातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची भीती असते, तो टाळायच्या गोळ्यांचं आधी डॉक्टरांना विचारा. प्रार्थना नाही झाली तर नाही झाली. आजींना चहा मात्र घेऊन जा, त्यांची चूल बंद असेल.