लायसन्स शेठकडे अडकलेलं, पगार कापलेला आणि आरटीओची नोटीस हातात

प्रश्न : मी अकरा वर्षं लाँग रूटवर गाडी चालवतो. शेवटची नोकरी एका ट्रान्सपोर्टरकडे होती. बारा टायर, ३५ टन पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून तेवढ्याच वजनाची परवानगी. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या राज्यात काट्यावर गाडीचं वजन ४१ टन भरलं. ३२ हजारांचं चलान झालं, शिवाय जादा माल दुसऱ्या गाडीत काढायला साडेचार हजार गेले. पैसे शेठनं भरले, पण नंतर माझ्या दोन महिन्यांच्या ४४ हजार पगारातून ३६,५०० कापून ७,५०० हातावर ठेवले. मी नोकरी सोडली. कामावर घेतानाच ठेवून घेतलेलं माझं ओरिजिनल लायसन्स तो आता देत नाही, 'आधी हिशेब पुरा होऊ दे' म्हणतो. त्यात माझ्या आरटीओची नोटीस आलीय, लायसन्स निलंबित का करू नये ते पंधरा दिवसांत सांगा. केमिकलच्या टँकरवर चांगली नोकरी मिळतेय, पण त्यांना ओरिजिनल लायसन्स बघायचंय. हरवलं म्हणून डुप्लिकेट काढू का?

उत्तर : नका काढू. लायसन्स हरवलेलं नाही, ते कुणाकडे आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. खोटं कारण देऊन मिळवलेलं लायसन्स हेच मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ मध्ये ते रद्द करायचं एक कारण आहे. आज तुमच्यावर निलंबनाची टांगती तलवार आहे, उगाच रद्दीकरणाला आमंत्रण देऊ नका.

तुमच्या तिन्ही अडचणी एकमेकींत अडकल्यात आणि त्या कोणत्या क्रमानं सोडवता यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक ड्रायव्हर आधी पगारासाठी भांडतात आणि तेवढ्यात नोटिशीची मुदत टळून जाते. तुम्ही उलट करा. आधी नोटीस, मग लायसन्स, मग पगार. पगाराच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, नोटिशीला पंधरा दिवस.

नोटीस कशामुळे आली ते आधी बघू. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम २१ मध्ये मालवाहू गाडीत ओव्हरलोड भरणं हे लायसन्स निलंबित करण्याचं कारण धरलंय. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनं अशा प्रकरणात किमान तीन महिने निलंबन करायला सांगितलं आहे, त्यामुळे आरटीओ तिथूनच सुरुवात करतात. 'काहीच होणार नाही' असं सांगणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. निलंबन टळलं तर उत्तमच. पण ते तीन महिन्यांच्या पुढे जाऊ नये आणि त्याचे दिवस लवकर मोजायला सुरुवात व्हावी, यासाठी उत्तर नीट लिहायचं आहे.

दिवस मोजण्याचा मुद्दा मुद्दाम काढला, कारण खरी गोम तिथेच आहे. निलंबनाचा आदेश झाला की लायसन्स ताबडतोब आरटीओत जमा करावं लागतं आणि तुमचं तर शेठच्या कपाटात आहे. हे तुम्ही स्वतःहून सांगितलं नाही, तर लायसन्स दडवल्याचा ठपका तुमच्यावरच यायचा. म्हणून लायसन्स परत मागणारी लेखी नोटीस शेठला उत्तराच्या आधीच पाठवा (ती कशी लिहायची ते पुढे आहे) आणि उत्तरात हा परिच्छेद असाच्या असा घाला :

'माझे मूळ लायसन्स मी नोकरीवर रुजू होताना अमुक तारखेला माझे तत्कालीन मालक यांनी ठेवून घेतले असून मागणी करूनही परत दिलेले नाही. त्याबाबत दिलेल्या लेखी नोटिशीची प्रत व पोस्टाची पावती सोबत जोडली आहे. लायसन्स माझ्या ताब्यात नसल्यामुळे ते सादर करता येत नाही. ते जाणीवपूर्वक दडवलेले नाही.'

दुसरा मुद्दा, माल कुणी भरला. कलम ११३ च्या पोटकलम ४ मध्ये असं आहे की ओव्हरलोड गाडी चालवणारा माणूस तिचा मालक नसेल, तर ती मालकाच्या माहितीनं किंवा हुकमानं चालली होती असं न्यायालय गृहीत धरू शकतं. यानं तुम्ही साफ सुटत नाही, कारण कलम १९४ चालवणाऱ्यालाही धरतं आणि चालवायला लावणाऱ्यालाही. पण निलंबन किती दिवसांचं करायचं हे ठरवताना अधिकाऱ्यासमोर हे वजनदार पडतं. सोबत बिल्टी (मालाची वाहतूक पावती), लोडिंगच्या ठिकाणची काटा पावती, 'निघ, मी बघतो' छापाचे शेठचे मेसेज किंवा व्हॉइस नोट जोडा. बिल्टीवर वजन कमी आणि काट्यावर जास्त असेल, तर तो फरक ठळक दाखवा. ड्रायव्हर बिल्टी बनवत नाही, हे आरटीओतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. फोन मात्र बदलू नका, फॉरमॅटही करू नका. पुढे लागलेच तर मूळ मेसेज त्याच फोनमध्ये दाखवता आले पाहिजेत.

चलानाची प्रत ऑनलाइन काढा आणि ते कुणाच्या नावावर आहे, पैसे कुणी भरलेत ते बघा. ३२ हजारांचा आकडा कायद्यातल्या हिशेबाशी जुळतो. मूळ दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, म्हणजे सहा टनांचे बारा हजार. जादा माल काढायचा खर्च वेगळा. तो काढल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत.

उत्तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि एक प्रत स्वतः नेऊन आवक शिक्का घ्या. म्हणणं मांडायची संधी हा तुमचा हक्क आहे, शेवटी तोंडी सुनावणीही मागा. अकरा वर्षांत अपघात किंवा आधीचं निलंबन नसेल तर तेही लिहा. आदेश विरोधात गेलाच तर अपिलाला तीस दिवस मिळतात.

एक सक्त ताकीद. निलंबनाच्या काळात गाडीला हात लावू नका, एका ट्रिपपुरताही नाही. कलम १८२ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही आहे, आणि त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईचे पैसे गाडीमालकाकडून वसूल करायला निघते. डिजिलॉकरमधलं लायसन्स तपासणीत चालतं, पण निलंबनाची नोंद त्याच सरकारी प्रणालीत होते. मोबाइल दाखवून सुटता येणार नाही.

आता लायसन्स. शेठला एक पानाची लेखी मागणी पाठवा, 'सात दिवसांत मूळ लायसन्स परत करा'. त्यात पगाराचा एक शब्दही नको. हे महत्त्वाचं आहे. दोन्ही गोष्टी एकत्र लिहून पोलिसांकडे गेलात की 'हा पैशाचा वाद आहे, कोर्टात जा' असं ऐकून परत यावं लागतं. लायसन्स ही सरकारनं तुमच्या नावानं दिलेली वस्तू आहे. तारण म्हणून ती ठेवून घ्यायचा हक्क कुठल्याही मालकाला नाही. सात दिवसांत दिलं नाही तर फक्त लायसन्सपुरती तक्रार पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या. घेतली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टानं. अनुभव असा की मागणीपत्रावर आरटीओच्या नोटिशीचा उल्लेख दिसला की लायसन्स बऱ्याचदा पोलीस ठाण्याची पायरी चढायच्या आत परत येतं. ट्रान्सपोर्टरला ओव्हरलोडच्या कागदांत आपलं नाव नको असतं.

पगाराचं तर सरळ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली, जुना वेतन प्रदान कायदा गेला. पगारातून काय कापता येतं याची यादी संहितेत आहे आणि ती बंद यादी आहे. मालकाच्या गाडीवरचं चलान त्यात नाही. शेठ म्हणेल, 'नुकसान ड्रायव्हरच्या हलगर्जीपणामुळे झालं'. पण ती तरतूद ताब्यात दिलेल्या मालाच्या किंवा हिशेब द्यायच्या रकमेच्या नुकसानीची आहे, आणि तिथेही कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. 'हा दंड आहे' असं म्हणाला, तर तो त्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या वर नेता येत नाही. महिना २२ हजारांवर ६६० रुपये. शिवाय सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाहीत. तुमचे ८३ टक्के गेलेत.

नोकरी सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा होता, तेही झालेलं नाही. ज्या जिल्ह्यात कामाला होता तिथल्या कामगार कार्यालयात अर्ज द्या. मागणी ३६,५०० आणि त्यावर भरपाई. अधिकारी दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतात. इतकी मिळेलच असं समजू नका, पण तडजोडीच्या टेबलावर हा आकडा बोलतो. पगार दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. 'हा माझा नोकर नव्हता, ट्रिपवर ठेवला होता' हे पालुपद ठरलेलंच. ट्रिपच्या हिशेबानं पैसे घेणाराही संहितेतला कर्मचारीच आहे. बँकेत आलेले पगार, यूपीआय, ट्रिपचे फोटो, सगळं लावा. ट्रिपचा भत्ता, टायर पंक्चर, हमाली असा खिशातून केलेला खर्च राहिला असेल तर तो पगारात मिसळू नका, वेगळ्या रकान्यात लिहा. खर्च म्हणजे वेतन नव्हे, आणि एक आकडा चुकीचा निघाला की समोरचा वकील सगळ्यांवरच बोट ठेवतो.

राहिली नवी नोकरी. टँकरसाठी साधं ट्रान्सपोर्ट लायसन्स पुरत नाही. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. ती तीन वर्षं चालते, नूतनीकरणाआधी एक दिवसाची उजळणी असते. लायसन्स निलंबित असताना ही नोंद करून घ्यायच्या भानगडीत पडू नका, म्हणून कंपनीला आजच खरं सांगा आणि रुजू व्हायची तारीख निलंबन संपल्यानंतरची मागा. लपवलंत तर पडताळणीत नोटीस दिसेलच. चांगल्या टँकर कंपन्या पडताळणी करतात, न करणाऱ्यांकडे केमिकल चालवूच नये.

नेमणूकपत्र घेतल्याशिवाय स्टेअरिंग धरू नका. त्यात पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आठ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर, आणि काटा पावती पासिंगच्या आत असल्याशिवाय गाडी हलवणार नाही, अशी स्पष्ट वाक्यं असू द्या. केबिनमध्ये त्या रसायनाचं ट्रेम कार्ड (गळती किंवा अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड) नसेल तर लोडिंगलाच अडून बसा, ते ठेवणं नियमानं बंधनकारक आहे. ओरिजिनल लायसन्स कंपनीला दाखवा, त्यांनी झेरॉक्सवर 'मूळ पाहिले' लिहून सही करावी आणि मूळ तुमच्या खिशात परत यावं. तेही 'जमा करा' म्हणाले, तर नेमणूकपत्रावर सही करायच्या आधीच विचारा, कशासाठी.