घरी ओतलेल्या शिशाच्या जिगला घरीच पावडर कोटिंग करता येतं का?

येतं. जिग म्हणजे मासेमारीचा, डोक्याला शिसं ओतलेला हुक, आणि पावडर कोटिंग म्हणजे त्यावर रंगाची कोरडी पूड बसवून ओव्हनमध्ये पक्की करणं. त्याला पावडर फवारायची गन, बूथ, कॉम्प्रेसर यांतलं काहीही लागत नाही. तुमचं म्हणणं असं की जिग घरीच ओतलेत, त्यावर लावलेलं नेलपॉलिश दगडाला घासलं की उडतं, आणि पावडर मारायची तर ओव्हनमध्ये शिसंच वितळेल ही भीती आहे. शिवाय स्वयंपाकघरातला ओटीजी, म्हणजे केक भाजायचा छोटा विजेचा ओव्हन, चालेल का, असंही विचारलंय. शिसं वितळणार नाही. पण ज्यात पुढेही खाणं करायचंय असा स्वयंपाकघरातला ओटीजी अजिबात चालणार नाही.

आधी वितळण्याचं बघू. शुद्ध शिसं 327 अंशांना वितळतं. बाजारात मिळणारी साधी पॉलिस्टर पावडर 180 ते 200 अंशांना पक्की होते. मध्ये शंभरावर अंशांची जागा आहे. ओटीजीचा काटा मात्र खरं बोलेलच असं नाही, वीस-पंचवीस अंश इकडेतिकडे सहज असतो. म्हणून आत ठेवायचा ओव्हनचा वेगळा थर्मामीटर घ्या आणि काट्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा.

नेलपॉलिश आणि स्प्रेचा रंग नुसता वाळतो. त्यातलं पातळ द्रव्य उडून जातं आणि वर पापुद्रा राहतो. पावडर आधी वितळते, मग उष्णतेने तिच्यातले रेणू एकमेकांत गुंततात, आणि एकदा गुंतले की परत तापवलं तरी ती वितळत नाही. फरक सगळा इथंच आहे. म्हणून ज्यांनी नुसतं गरम जिग पावडरमध्ये बुडवून, चकाकी आली म्हणून काम संपवलं, त्यांचा रंग नेलपॉलिशसारखाच उडतो आणि ते म्हणतात पावडरीत दम नाही. बेक केलं नाही तर ते पावडर कोटिंग नव्हेच.

आता तयारी. शिसं ओतलं की जमेल तेवढ्या लवकर कोट करा, कारण ठेवून दिलं की काळपट राखाडी थर धरतं. साच्याला काजळी लावत असाल तर तीही जिगवर येते. पातळ थिनरमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये कापड भिजवून पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि त्यानंतर डोक्याला बोट लावू नका. इथल्या कोल्हापुरातल्या पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये लोखंडाला सेव्हन टँकमधून, म्हणजे धुण्याच्या ओळीने सात टाक्यांतून, काढतात, फॉस्फेटिंग करतात म्हणजे रंग धरायला रसायनाचा थर देतात, ते सगळं शिशाला नको. पण एक गोष्ट मात्र करा: कोट करण्याआधी उघडे जिग एकदा ओव्हनमध्ये 190-200 अंशांना पंधरावीस मिनिटं ठेवा. ओतकामात बारीक पोकळ्या राहतात, त्यातली हवा आणि ओल नंतर बेक करताना बाहेर यायला बघते आणि रंगाला फोड येतात. ज्याने फाउंड्रीत कास्टिंग बघितलंय त्याला हे सांगायला नको, आणि कोल्हापुरात असा माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो.

खरी कसब जिग तापवण्यात आहे. हुकला पकडीत धरा आणि हीट गनची झळ फक्त शिशाच्या डोक्याला द्या. मेणबत्तीवर करू नका, काजळी बसते. गॅसच्या ज्योतीवर करणारे असतात, पण तिथे हुक सापडला तर त्याला आधी पिवळसर, मग निळी छटा येते. निळा झालेला हुक म्हणजे पाणी उतरलेला, पोलादाचा कडकपणा गेलेला हुक. तो मोठ्या मरळीला सरळ होऊन सोडून देईल. ओव्हनच्या 180 अंशांनी हुकला काही होत नाही.

डोकं किती तापवायचं याचं माप पावडरच देते. तापलेलं डोकं पावडरीत बुडवून लगेच बाहेर काढा, पकडीवर टिचकी मारून जास्तीची झाडा. बरोबर तापलं असेल तर वर मऊ, खरखरीत, बिनचमकेचा थर दिसतो आणि बघता बघता ओला झाल्यासारखा चमकायला लागतो. बाहेर काढतानाच चकचकीत आणि जाड दिसला तर जास्त तापलंय. बेक करताना खाली ओघळून थेंब लोंबेल. पावडर विरळ, ठिपक्या-ठिपक्यांनी बसली तर कमी तापलंय. बारका जिग पटकन तापतो आणि पटकन निवतो, मोठ्याला वेळ लागतो, त्यामुळे एका वजनाचे सगळे एकदम करा. हात बसतो.

डबीत पावडर दाबून बसलेली असेल तर थर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ येतो. त्यावर उपाय म्हणजे पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, त्यात थोडं वर घट्ट ताणून बसवलेला जाड फिल्टर पेपर, खालचं तोंड बंद, आणि तिथून फिश टँकच्या एअर पंपाची नळी आत. पंप चालू केला की पावडर उतू जायच्या बेतात आलेल्या दुधासारखी फुगते आणि जिग त्यात अलगद बुडतो. हवा कमी ठेवा, धुरळा उडाला नाही पाहिजे. रंगाची पावडर हवेत दाट पसरली आणि जवळ ज्योत असली तर भडका उडू शकतो. गॅसवर न तापवण्याचं हे दुसरं कारण. तोंडाला चांगला मास्क हवाच.

पहिला थर बसला की जिग निवायच्या आत तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) ओवायचं नेढं सुईने मोकळं करा. बेक झाल्यावर तिथली पावडर दगड होते, मग तिथे टोचत बसलात तर कडेचा रंग निघतो. फ्लुरोसंट पिवळा किंवा नारंगी हवा असेल तर आधी पांढरा थर द्या. शिशाच्या राखाडीवर ते रंग मेलेले दिसतात.

मग जिग तारेला हुकने टांगा, एकमेकांना लागू देऊ नका, आणि डब्यावर लिहिलेल्या तापमानाला तेवढी मिनिटं बेक करा. साधारण 180 ला वीस मिनिटं हा हिशोब चालतो, पण वेळ जिग त्या तापमानाला पोहोचल्यापासून मोजायची, ओव्हनचं बटण फिरवल्यापासून नाही. मधेच लाईट गेली तर घाबरू नका, आली की परत पूर्ण वेळ ठेवा. निवल्यावर थिनरचा बोळा घासून बघा. रंग चिकट झाला किंवा बोळ्याला उतरला तर कच्चा राहिलाय, पुन्हा आत. जिगला माशाचे खोटे डोळे चिकटवायचे असतील तर बेक झाल्यावरच.

पावडरीसाठी ऑनलाइन छोट्या डब्यांचे पैसे घालवू नका. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगची जॉबवर्क करणारी शॉप्स आहेत. त्यांच्याकडे पावडर मोठ्या खोक्यांनी येते. पाव किलो मागितली तर हसतील, पण देतील, आणि जिगला ती वर्षानुवर्षं पुरते. आरएएल या रंगांच्या ठरलेल्या यादीतल्या नंबराने मागा: पांढऱ्याला आरएएल 9016 आणि काळ्याला 9005. बूथमध्ये खाली पडलेली गोळा केलेली पावडर फुकट देऊ केली तर नको म्हणा, तिच्यात दहा रंग मिसळलेले असतात. आपल्या पावसाळ्यात पावडर ओल धरते आणि तिचे गोळे होतात, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वापरण्याआधी चाळून घ्या. चाळणी अर्थातच घरच्या चहाची नको.

आता ओटीजी. जुना, पन्नास वेळा केक झालेला ओटीजी या कामाला उत्तम, फक्त त्यानंतर त्यात परत केक होणार नाही. शिशाचे कण आतल्या जाळीला, पत्र्याला लागतात आणि दिसत नाहीत. त्याच्यावर मार्करने मोठ्ठं लिहा आणि तो स्वयंपाकघरातून बाहेर काढा, म्हणजे पाहुण्यांपैकी कुणी त्यात पाव भाजणार नाही. जागा गच्ची किंवा मागची शेड, कारण बेक करताना वास येतोच.

खरं सांगायचं तर कोटिंगपेक्षा जास्त धोका ओतकामात आणि कानस मारण्यात आहे. 180 अंशांना शिशाची वाफ होत नाही, त्याची काळजी नको. पण जिगची कड कानसताना पडणारा भुगा, ओतताना वर येणारी राखाडी मळी, आणि तेच हात घेऊन खाल्लेली भेळ, यातून शिसं पोटात जातं. लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात वाईट, आणि कितीही कमी असलं तरी सुरक्षित म्हणावं अशी पातळी जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. म्हणून कानस ओली करून मारा, झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, ते कपडे वेगळे धुवा. घरात बारकं पोर किंवा गरोदर बाई असेल तर ओतकाम घराबाहेर, लांब. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते उसळून अंगावर येतं, त्यामुळे साचा कोरडा ठणठणीत हवा. आणि भंगारातली गाडीची बॅटरी फोडून शिसं काढू नका. त्यात ॲसिड असतं, अँटिमनी आणि आर्सेनिकही असतं. ते घरी करायचं काम नव्हे.

पावडरीमुळे शिसं बिनविषारी होतं असं काहीजण सांगतात. हाताला कमी लागतं, एवढंच. दगडावर टवका उडाला की शिसं उघडं, आणि तंगूस तुटून तळाला राहिलेला जिग तिथेच राहतो. हंस मरायला लागले म्हणून ब्रिटनने 1987 पासून मासेमारीची बारकी शिशाची वजनं बंदच केली. आपल्याकडे तसा विचार करायचा असेल तर कथील आहे, कल्हईवाले वापरतात तेच. ते 232 अंशांना वितळतं, म्हणजे 180 च्या पावडरीला तेही चालतं, पण इथे थर्मामीटरशिवाय ओव्हन लावायचाच नाही. महाग पडतं. वजनाला हलकं असल्यामुळे शिशाच्या 10 ग्रॅमच्या साच्यात ते जेमतेम साडेसहा ग्रॅम भरतं. काठच्या उथळ पाण्यात, वेलींच्या कडेने मरळीला जिग हळू उतरवायचा असेल तर ते वजन उलट बरंच. वाहत्या खोल पाण्यात किंवा मालवणला खडकावरून लांब फेकायचं असेल तर मोठा साचा करून घ्यावा लागेल.